डोंगरावरचा मुक्काम आता बारमाही: कुठल्या महिन्यात कुठे जावे, बुकिंगआधी काय पाहावे

थंड हवेचे ठिकाण म्हटले की एप्रिल-मे, हे समीकरण आता मोडले आहे. आंबोली, महाबळेश्वर, पन्हाळा, सापुतारा, चिखलदरा, पचमढी या ठिकाणची हॉटेल्स, रिसॉर्ट आणि होमस्टे बाराही महिने बुकिंग घेतात. शनिवार-रविवार तर ऐन पावसातही फुल्ल असतात.

जाहिरातीत बारा महिने सारखेच हिरवेगार दिसतात. प्रत्यक्षात जुलैची आंबोली आणि मार्चची आंबोली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रूमचा रेट, घाटरस्ता, नळाचे पाणी आणि रद्द बुकिंगचे पैसे या चारही गोष्टी महिन्यागणिक बदलतात. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी कुटुंबांना आणखी एक बाब पाहावी लागते. राहायचे एका राज्यात आणि मुक्काम दुसऱ्या राज्यात, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांपासून तक्रार कुठे करायची इथपर्यंत सगळेच वेगळे असते.

पूर्वीचा सीझन

इंग्रजांच्या काळात मुंबई सरकारचा मुक्काम ऋतूप्रमाणे हलायचा: हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून महाबळेश्वरचा ताबा घेतला. सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत बंगले रिकामे व्हायचे.

आंबोलीची गोष्ट निराळी. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या लष्करी छावणीकडे माल नेणाऱ्या रस्त्यावरचा तो एक टप्पा होता. पचमढी ही तेव्हाच्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी. सगळीकडे सीझन मात्र उन्हाळ्याचाच.

चांगले रस्ते, घरोघरी गाडी, शनिवार-रविवारची जोडून सुट्टी आणि धबधब्यांचे मोबाईलवरचे व्हिडिओ यामुळे चित्र बदलले. आता पावसाळा हा आंबोलीचा मुख्य सीझन आहे, तर महाबळेश्वरला दिवाळी आणि ३१ डिसेंबरची गर्दी मे महिन्याच्या तोडीची असते.

कुठल्या महिन्यात काय मिळते

- जून ते सप्टेंबर: आंबोली, चोर्ला घाट, इंदूरकरांसाठी मांडू. धुके, धबधबे, हिरवळ. आंबोलीत सरासरी सुमारे साडेसात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तीन-तीन दिवस समोरचे झाड दिसत नाही, हे ध्यानात ठेवूनच जावे. पॉइंट पाहायला जाणाऱ्यांची निराशा होते. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे पचमढीला जंगल सफारीचा बेत या काळात आखू नये.
- ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा: साताऱ्याजवळचे कास पठार फुलते. २०१२ पासून हे पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रोजच्या प्रवेशावर मर्यादा असून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.
- ऑक्टोबर ते डिसेंबर: हवा स्वच्छ, दूरवरचे दिसते. दिवाळीचा आठवडा आणि नाताळ वगळता हा सर्वांत सोयीचा काळ.
- डिसेंबर-जानेवारी: महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव-लिंगमळा भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात. साध्या होमस्टेत हीटर नसतो, गरम पाण्याची वेळ ठरलेली असते. वयस्कर मंडळी असतील तर हे आधी विचारावे.
- फेब्रुवारी-मार्च: परीक्षांचे दिवस, म्हणून रेट उतरलेले. स्ट्रॉबेरी भरात असते. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्या विदर्भातल्या भाविकांची रीघ लागते, नागपंचमीला नागद्वार यात्रेसाठी तशीच गर्दी होते. या दोन वेळा पचमढीत खोली मिळणे कठीण.
- एप्रिल-मे: सकाळ-संध्याकाळ गारवा, दुपारी मात्र ऊन. आंबोली आणि पन्हाळ्याला दुपारी चांगलेच गरम होते. रेट सर्वांत चढे, पाणी सर्वांत कमी.

कुणाला काय जवळ

बेळगावहून आंबोली साधारण ६५ ते ७० किलोमीटर, वेंगुर्ला रस्त्याने चंदगड तालुका ओलांडून. सावंतवाडीहून सुमारे ३० किलोमीटर असल्याने गोव्यातूनही सोपी. चोर्ला घाट बेळगाव-जांबोटी-साखळी रस्त्यावर आहे. तिथे कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तिन्ही राज्यांच्या हद्दी भेटतात. पन्हाळा कोल्हापूरपासून २० किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे. त्यामुळे तिथली गर्दी आता फक्त मक्याच्या कणसांपुरती राहिलेली नाही.

बडोदा-सुरतकडच्यांना डांग जिल्ह्यातले सापुतारा, तर इंदूर-ग्वाल्हेरकरांना पचमढी सोयीची. इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरिया स्टेशनवर उतरून पुढे सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे. हैदराबादकरांना एका रात्रीसाठी विकाराबादजवळचे अनंतगिरी पुरते. लांबचा बेत असेल तर महाबळेश्वर.

सीमा ओलांडताना दोन गोष्टी. गोवा बनावटीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. इन्सुली, आंबोली इथे गाड्या तपासल्या जातात आणि सोबतच्या कुटुंबालाही तासन् तास ताटकळावे लागते. सापुताऱ्यात गुजरातची दारूबंदी लागू आहे. दुसरे, एसटीने जाणाऱ्यांनी बातम्यांवर लक्ष ठेवावे. सीमाभागात वातावरण तापले की आंतरराज्य फेऱ्यांवर पहिली गदा येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक बससेवा अशीच विस्कळीत झाली होती.

शाळेच्या सुट्ट्या: सीमेपलीकडच्यांचा फायदा

रेट थंडीवर ठरत नाहीत, सुट्ट्यांवर ठरतात. आणि सुट्ट्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या आहेत.

कर्नाटकातल्या सरकारी अभ्यासक्रमाच्या शाळांना उन्हाळी सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. महाराष्ट्रातली मोठी गर्दी मे महिन्याची. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कुटुंबांना १५ ते ३० एप्रिल हा पंधरवडा मिळतो, तोही मुंबई-पुण्याची झुंड पोहोचायच्या आत. दसऱ्याचेही तसेच. कर्नाटक आणि तेलंगणात दसऱ्याला मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीला. नवरात्रात सोमवार ते गुरुवार गेले तर पावसाळा ओसरलेला, हिरवळ शिल्लक आणि रेट आटोक्यात, असे तिन्ही जुळून येते.

गुजरातची अडचण उलटी आहे. तिथे दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची असते आणि सापुताऱ्यासोबत महाबळेश्वरही त्या दिवसांत भरून वाहते. बडोद्याच्या कुटुंबाने सुट्टीचा पहिला आठवडा सोडून शेवटचा धरला तर खर्च बराच खाली येतो.

पावसाळ्यात आधी रस्ता, मग रूम

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. रूम शाबूत होत्या, परतीचा रस्ता नव्हता. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढले आणि मधल्या खडकावरून काठावर यायला वेळच मिळाला नाही.

जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि धोकादायक पॉइंटवर मनाई आदेश काढतात. गोव्यात २०२३ मध्ये बुडून मृत्यू झाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी केली होती. आदेश कधी काही दिवसांपुरता, कधी पूर्ण हंगामाचा असतो.

म्हणून पावसाळ्यात बुकिंग करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

- निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहावा. लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा.
- वर जायला किमान दोन रस्ते असतील असेच ठिकाण निवडावे. मुक्कामाच्या गावाला एकच घाट असेल तर औषधे आणि एका दिवसाचा खाऊ जास्तीचा ठेवावा.
- घाट उजेडात चढावा आणि उजेडातच उतरावा. धुक्यात रस्त्याच्या कडेला गाडी लावून फोटो काढणे हे घाटातल्या अपघातांचे नेहमीचे कारण.
- मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक सर्व राज्यांत चालतो. दरीत मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे मुक्कामाचा पत्ता घरी लिहून द्यावा.
- प्रशासनाने रस्ता किंवा पर्यटनस्थळ बंद केले तर पैसे परत मिळणार की फक्त तारीख बदलून देणार, हे व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी घ्यावे. फोनवरच्या "बघू की साहेब, करू काहीतरी" याला नंतर किंमत नसते.

एवढा पाऊस, मग मे महिन्यात टँकर का?

पर्यटकांना हे कोडे पडते. उत्तर जमिनीत आहे. जांभा आणि बेसाल्टच्या पठारावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. चार महिन्यांत पडलेले पाणी काही तासांत खाली कोकणात किंवा घाटमाथ्याच्या पूर्वेला निघून जाते. साठवणारी जागा थोडी. महाबळेश्वर-पाचगणीची भिस्त वेण्णा तलावावर आहे. माथेरानला शार्लोट तलाव पुरत नाही, म्हणून नेरळहून उल्हास नदीचे पाणी डोंगरावर चढवावे लागते.

मुक्काम उन्हाळ्यापुरता होता तेव्हा हा ताण दोन महिन्यांचा होता. आता स्विमिंग पूल, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी आणि लॉन बाराही महिने चालू आहेत. ज्या झऱ्यावर वाडी जगते तिथेच कधी कधी रिसॉर्टची पाइपलाइन जोडलेली असते.

सीमाभागाचा याच्याशी थेट संबंध आहे. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून घटप्रभेला मिळते. म्हणजे आंबोलीच्या रिसॉर्टचे सांडपाणी कुठे जाते हा प्रश्न हुक्केरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचाही आहे. याच नदीच्या उगमाजवळ २०२० मध्ये माशाची नवी प्रजाती नोंदली गेली, तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. आंबोली परिसराबाहेर न आढळणारा एक छोटा बेडूकही इथे आहे. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर येणारे असे जीव गाड्यांखाली सापडतात. रात्री उशिरा गाडी न काढणे हा पाहुण्यांचा सर्वांत स्वस्त हातभार.

बांधकाम कायदेशीर आहे का?

महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा जानेवारी २००१ पासून आणि माथेरान फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे बांधकामावर कडक अटी आहेत. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्या जात नाहीत. संपूर्ण पश्चिम घाटासाठी केंद्राने ३१ जुलै २०२४ ला सहावा मसुदा काढला. त्यात सहा राज्यांतले ५६,८०० चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र आहे, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि गुजरात त्यात येतात.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न अनेक दशके चालत आला आहे. अशा जागेवरच्या रिसॉर्टमध्ये एक रात्र राहणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. पण "दहा लाखांत डोंगरावर सेकंड होम, बाकी वर्षभर आम्ही भाड्याने देऊ" अशी ऑफर आली तर सातबारा, बिगरशेती परवाना आणि झोन दाखला तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. अतिक्रमणाची कारवाई होते तेव्हा घरासोबत गुंतवणूकही जाते.

बिलाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ७,५०० च्या वर १८ टक्के कायम आहे. हा उंबरठा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

- ७,५०० ची रूम: कर ३७५, एकूण ७,८७५ रुपये.
- ७,६०० ची रूम: कर १,३६८, एकूण ८,९६८ रुपये.

रेटमध्ये फरक १०० रुपयांचा, बिलात १,०९३ रुपयांचा. सीमेवरचा रेट असेल तर १०० रुपये कमी करून मागायला संकोच करू नये. ५ टक्के दर आल्यावरही जुन्या १२ टक्क्यांनी कोटेशन पाठवले असेल तर दुरुस्त करून घ्यावे. बिलावर हॉटेलचा जीएसटी क्रमांक नसेल तर जीएसटी घेण्याचा अधिकारही नाही.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या योग्य ठरवल्या. काढायला सांगितले की काढावा लागतो.

हॉलिडे मेंबरशिप: आकडे मांडून बघा

मॉलमध्ये कूपन भरले की फोन येतो, "तुम्हाला मोफत डिनर लागले आहे, जोडीने या." तिथे २० किंवा २५ वर्षांची मेंबरशिप विकली जाते. वर्षाला सात रात्री, कुठल्याही डोंगरावर. योजना खोटी असतेच असे नाही, पण आकडेमोड घरी करावी.

समजा मेंबरशिप साडेतीन लाखांची, २५ वर्षांसाठी, आणि वार्षिक देखभाल फी १५,००० रुपये. साडेतीन लाख भागिले २५ म्हणजे वर्षाला १४,०००. त्यात फी मिळवून २९,०००. सात रात्रींनी भागले तर रात्रीला सुमारे ४,१४३ रुपये. सेल्समन इथेच थांबतो.

आता तेच साडेतीन लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असे धरू. वर्षाला २४,५०० रुपये व्याज येते, मुद्दल तसेच राहते. वाचलेली १५,००० फी त्यात मिळवली की ३९,५०० रुपये हातात. सात रात्रींसाठी रात्रीला साडेपाच हजारांहून जास्त, आणि २५ वर्षांनी साडेतीन लाख आपलेच. व्याजदर पुढे खाली येऊ शकतो आणि हॉटेलचे रेट वाढतात हे खरे. पण देखभाल फीही वाढतेच.

सही करण्याआधी तीन गोष्टी करारात शोधाव्यात: दिवाळी-मेचा सीझन आपल्या वर्गात येतो का, फी किती टक्क्यांपर्यंत वाढू शकते, आणि किती दिवसांच्या आत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. तोंडी आश्वासन करारात नसेल तर ते दिलेच नाही असे समजावे. "आजच्या दिवसापुरता रेट" असे ऐकले की घरी निघावे.

तक्रार आपल्याच गावात

"रिसॉर्ट महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात, कोण खेटे घालणार?" म्हणून अनेक जण पैसे सोडून देतात. तशी गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. महाबळेश्वरच्या हॉटेलविरुद्ध बेळगावात, सापुताऱ्याच्या रिसॉर्टविरुद्ध बडोद्यात, पचमढीच्या बुकिंगसाठी इंदुरात.

दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करावी, बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. आयोगासाठी ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येतो. बुकिंगचा मेसेज, पैसे दिल्याचा पुरावा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि प्रत्यक्ष रूमचे फोटो एवढे जपून ठेवले तरी पुरते.

पैसे पाठवण्याआधी विचारायचे प्रश्न

- रेट रूमचा की माणशी? मुलांचे वय किती धरणार?
- जीएसटी धरून एकूण किती?
- त्या महिन्यात पाणी २४ तास की वेळेने? लाईट गेली तर जनरेटर आहे का?
- रूमपर्यंत गाडी येते का? आजी-आजोबांना पायऱ्या किती?
- जवळचा दवाखाना किती अंतरावर?
- शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का? उपवासाचे मिळेल का?
- घाट बंद झाला तर पैसे परत कधी आणि कसे?
- क्यूआर कोडवर दिसणारे नाव हॉटेलचेच आहे का? फक्त ऑनलाइन दिसलेल्या नंबरवर पैसे पाठवू नयेत. हॉटेलच्या लँडलाइनवर किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाकडून खात्री करून मगच अॅडव्हान्स द्यावा.